तिसरी हाक

एका राज्यात पत्रं घोड्यावरून जात. सीमेपासून राजधानीपर्यंत उगवतीपासून मावळतीपर्यंतची वाट. स्वारांना नियम दोनच. वाटेत कोणी काठीच्या टोकाला पत्र लावून पुढे केलं, तर दौडता दौडता ते घ्यायचं, नाकारायचं नाही. आणि थैली उघडायची ती फक्त राजासमोर.

पूर्वी एक स्वार पाणी प्यायला उतरला आणि झाडाखाली झोपी गेला. त्याच्या थैलीत एका चेटकिणीच्या मुलाचं माफीपत्र होतं. ते पोचलं तेव्हा मुलगा सुळावर चढला होता. चेटकीण राजवाड्याच्या पायरीवर उभी राहून म्हणाली, "इथे येणारं प्रत्येक पत्र कोरं निघेल. तीन हाकांना न थांबता जो स्वार येईल, तोच अक्षरं परत आणील."

सात वर्षं पत्रं कोरी निघाली. दुष्काळ कळेना, धान्य जाईना. माणसं मेली, तेही कळेना.

मग रखमाजी नावाच्या स्वाराने थैली उचलली. चौकीवरचा नाईक म्हणाला, "तुझ्याआधी अकरा गेले. सगळे कुठे ना कुठे उतरलेच."

"मी मोजून तीन हाका ऐकीन, नाईक. आणि एकीलाही थांबणार नाही."

नदीच्या उतारात एक माणूस गटांगळ्या खात होता. "रखमाजी, हात दे!" रखमाजीने टाच मारली. बुडणाऱ्याचा बगळा झाला आणि उडून गेला. एक.

माळावर साळुंकी बोलली, "स्वारा, घोड्याचा नाल निखळला. उतर, बघ."

"निखळला तर घोडा लंगडेल. तू कशाला सांगतेस?" साळुंकीचा धूर झाला. दोन.

उन्हं कलती झाली तेव्हा वाटेवर त्याचं स्वतःचं गाव आलं. दाराशी त्याची बायको येसू उभी होती, हातात काठी, काठीला पत्र.

"अहो, थांबा! आपली बाळी तुम्हाला विचारतेय!"

रखमाजीला हसू आलं. "चेटकिणी, हे रूप तरी सोडायचंस!" नियम म्हणून त्याने पत्र ओढून घेतलं आणि थैलीत टाकलं. तीन.

मावळतीला तो दरबारात पोचला. राजाने थैली उघडली. पत्रापत्रावर अक्षरं होती, ठसठशीत, काळीभोर. दरबारात नगारे वाजले. राजाने सगळ्यात वरचं पत्र मोठ्याने वाचलं.

"बाळी तापाने चालली. आजचा दिवस काढील. बाबांना एकदा बघू दे म्हणते. हाकेला थांबला नाहीत, तर पत्र तरी घ्याल म्हणून लिहिलं. येसू."

नगारे थांबले. खांबाआड चेटकीण उभी होती. रखमाजीने तिला विचारलं, "ती हाक तुझीच होती ना?"

"माझ्या दोनच. तिसरी मी पुढच्या वळणावर मारणार होते. पण तू तुझ्या दारावरून पुढे गेलास, आणि माझ्याच्याने हाक मारवेना."

रखमाजी घरी पोचला, तेव्हा माणसं स्मशानातून परतत होती. येसूने त्याच्याकडे पाहिलं.

"पत्र पोचलं?"

"पोचलं."

राजाने कोठारं उघडली. गावोगाव धान्य गेलं. पत्रं वेळेवर पोचू लागली, अजून पोचतात. रखमाजीच थैली नेतो. गावातल्या एका दारापाशी त्याचा घोडा आपण होऊन थांबतो. आतून कोणी हाक मारत नाही.