रणकेसरी

त्या गावाएवढ्या राज्याला तटबंदी नव्हती. दगड होते, हात होते. पण दगड उचलायची वेळ आली की एकाची पाठ धरायची आणि दुसऱ्याकडे पाहुणे यायचे. लांडगे मात्र दर हिवाळ्यात न चुकता यायचे. शेवटी राज्याने फुकटातला उपाय शोधला. वेशीबाहेरच्या विहिरीत एक राक्षस होता आणि त्याला राहायला माणसाचं अंग हवं होतं. राज्याने त्याला हैबतीचं अंग दिलं.

हैबती गवंडी होता. तट बांधू या, असं भर सभेत म्हणणारा तो एकटाच, म्हणून निवडही त्याचीच झाली. राक्षस अंगात शिरला की तो लांडगे फाडून काढी. परतल्यावर वेशीवर त्याला नावाने हाक मारायची, की राक्षस विहिरीत परत जाई. करार एवढाच होता. हाकेला उशीर झाला तर हैबती आत खोल खोल जाई आणि मग एकट्यादुकट्याचा आवाज त्याला पोचत नसे.

पहिल्या वर्षी सगळं गाव वेशीवर धावलं. हैबती घरी आला, हात धुतले आणि लेकीची, गोदीची, वेणी घालायला बसला. दुसऱ्या वर्षी गावाने आधी जेवणं उरकली. त्या खेपेला तो परतला, पण हसायचं विसरून आला. त्याची बायको साळू रात्रंदिवस त्याच्याशी बोलत राहिली, तरी ते हसू काही परत आलं नाही.

मग लांडग्यांवाचूनही त्याला बोलावणी येऊ लागली. पाण्याच्या पाळीवरून भांडण झालं, बोलवा हैबतीला. जावई ऐकत नाही, बोलवा हैबतीला. साळू सभेचे पुढारी सरनाईक यांच्या दारात जाऊन उभी राहिली.

"त्यांना आधी माणसात येऊ द्या. काल त्यांनी थापी हातात घेतली आणि हिचं काय करायचं म्हणून मला विचारलं."

"वहिनी, कामाचा माणूस आहे," सरनाईक सुपारी कातरत म्हणाले. "राहू दे चार दिवस तसाच. सारखं आत-बाहेर करण्यात त्यालाच त्रास."

चार दिवस म्हणे. या गृहस्थांच्या घरी मुंगी शिरली तरी गावभर बोंब व्हायची. पण दुसऱ्याच्या काळजात राक्षस बिऱ्हाड थाटून बसला, तर ती त्याची सोय. सभेला हे पटलं. सभेला असलं नेहमीच पटतं.

पुढे लांडगे संपले. तरी हैबतीला पाठवलं, या वेळी डोंगरापलीकडच्या गावावर. तिथल्या माणसांनी कुणाचं काही केलं नव्हतं. त्यांचं रान तेवढं चांगलं होतं. भर दुपारी तो वेशीवर आला तेव्हा कोपरापर्यंत लाल होता आणि कपाळावर शिंगं फुटली होती. पाहणाऱ्यांना घाम फुटायला हवा होता. त्यांनी ढोल वाजवले, शिंगांवर हार चढवले आणि त्याला नवं नाव दिलं, रणकेसरी. सगळं राज्य त्या नावाने ओरडत होतं.

"हैबती," साळू जिवाच्या आकांताने हाका मारत होती. "अहो, घरी चला."

"गप्प बसा हो वहिनी," शेजारचा म्हणाला. "मिरवणूक चालली आहे."

तिने त्याच्याकडे पाहिलं. हाच माणूस पहिल्या वर्षी सगळ्यांच्या पुढे धावला होता. तो संताप तिने गिळला, कारण भांडायला वेळ नव्हता. तिने गोदीला खांद्यावर उचलून घेतलं.

"हाक मार, बाळा. बाबाला हाक मार. त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने."

गोदीने वरून पाहिलं. गुलाल उडत होता. सरनाईक नाचत होते, शेजारचे काका नाचत होते, आणि तिच्या वयाची सगळी पोरं बापांच्या खांद्यांवर बसून हात उंचावत होती. गोदीनेही हात उंचावला. छाती भरून श्वास घेतला आणि सगळ्यांच्या सुरात सूर मिसळून ती ओरडली,

"रणकेसरी!"

त्याची मान तिच्याकडे वळली. त्याने हात जोडले, इतरांना जोडत होता तसेच, आणि तो पुढे निघून गेला.