थेंबीचं घुंगरू

एक होती थेंबी. तेलाचा एवढुस्सा थेंब. किती एवढुस्सा? डोळे बारीक करून बघा. दिसला? नाही ना? त्याहूनही बारीक!

थेंबी राहायची कस्तुरीच्या पोटरीत. कस्तुरी साडेतीन वर्षांची. तिच्या पोटरीत छोटी छोटी घरं. मोठी माणसं त्यांना पेशी म्हणतात. म्हणू देत. आपण घरंच म्हणू.

घराची भिंत विटांची नव्हती. तेलाच्या थेंबांची होती. थेंबाला थेंब चिकटून उभा. थेंबीला चिकटून तिचा धाकटा भाऊ, थेंबू.

त्या घरात सगळ्यांच्या पायात घुंगरं. या पायात एक, त्या पायात एक. छुम-छुम! छुम-छुम! जोडी असली की सगळं छान.

घरात एक शेगडी होती. शेगडीपुढे रांग. रांगेतले सगळे घुंगरं पुढे पुढे द्यायचे. स्लॅब टाकताना घमेली देतात ना, तश्शी. घे, दे. घे, दे. रांगेच्या शेवटी उभा श्वासू. तो कस्तुरीच्या श्वासातून यायचा. त्याला चार घुंगरं मिळाली की तो हसायचा आणि पाणी व्हायचा. टप्प!

एकदा कस्तुरी हापशाभोवती पळत होती. एक चक्कर. दोन चकरा. दहा चकरा! शेगडीपुढची रांग घाईला आली. घे-दे-घे-दे-घे-दे! आणि एक घुंगरू निसटलं. निसटतं हो, रोजच एखादं निसटतं. ते पडलं दुसऱ्याच एका श्वासूच्या हातात. तो उगाच मधे उभा होता.

एकच घुंगरू! त्याला जोडीच नाही! श्वासूचं डोकं फिरलं. डोळे लाल. दात करकर करकर. श्वासूचा झाला चावरा!

चावरा आला धाड धाड धाड. थेंबीच्या पायाला चावला. कच्च! तिचं एक घुंगरू हिसकावून घेतलं. त्याची जोडी झाली. तो शांत झाला.

पण थेंबी? या पायात छुम. त्या पायात ठक. छुम-ठक. छुम-ठक. थेंबीला कसंसंच झालं. तिचे दात शिवशिवायला लागले. तिनं थेंबूच्या पायाकडे पाहिलं. छुम-छुम. किती जवळ! एकदा चावलं की मिळालं!

थेंबी घाबरली. खूप घाबरली. चावऱ्याला नाही, स्वतःलाच घाबरली.

शेजारच्या घरात असंच झालं होतं. एक थेंब दुसऱ्याला चावला. दुसरा तिसऱ्याला. तिसरा चौथ्याला. मग भिंतीला भोक पडलं. फस्सस्स! आता त्या घरात कुणीच राहत नाही.

"थेंबू, माझी जागा धर," थेंबी म्हणाली. "मी घुंगरू आणते."

थेंबूनं दोन्ही हात लांब केले. "धरली. पण ताई, लवकर ये हं."

निघाली थेंबी. छुम-ठक, छुम-ठक. भिंतीतच दाणेकाका बसले होते. गोल गोल, खमंग. ते शेंगदाण्यातून आलेले. थेंबी म्हणाली,

"चावऱ्यानं नेलं घुंगरू माझं,
छुम-ठक झालं चालणं माझं.
मला भीती वाटते.
काका, मला घुंगरू द्या ना!"

काकांनी पाय पुढे केला. छुम-ठक! "अगं, मघाशीच एकाला दिलं. माझ्याकडेही एकच उरलंय. मला सवय आहे, मी चावत नाही. पण आवळेमावशी मला देईल, तर मी तुला देईन."

निघाली थेंबी. छुम-ठक, छुम-ठक. आवळेमावशी पाण्यात पाय सोडून बसली होती. तोंड आंबट. थेंबी म्हणाली,

"चावऱ्यानं नेलं घुंगरू माझं,
छुम-ठक झालं चालणं माझं,
दाणेकाका देईनात.
मला भीती वाटते.
मावशी, काकांना घुंगरू दे ना!"

"सगळे माझ्याच दारात!" मावशी म्हणाली. "सकाळपासून वाटतेच आहे. बघ, माझंही छुम-ठक! ग्लुटाआजोबा मला देतील, तर मी काकांना देईन."

"ताईऽऽ!" मागून थेंबूचा आवाज आला. "हात दुखतायत!"

पळाली थेंबी. छुम-ठक, छुम-ठक. ग्लुटाआजोबा कोपऱ्यात बसले होते. ते बाहेरून आलेले नव्हते, याच घरात जन्मलेले. त्यांच्या अंगाला कांद्यासारखा वास. थेंबी म्हणाली,

"चावऱ्यानं नेलं घुंगरू माझं,
छुम-ठक झालं चालणं माझं,
दाणेकाका देईनात,
आवळेमावशी देईना.
मला भीती वाटते.
आजोबा, मावशीला घुंगरू द्या ना!"

आजोबा म्हणाले, "बाळा, या घरात माझ्याएवढं कुणी दिलं नसेल. पण आज माझंही संपलं. हमालदादा मला देईल, तर मी मावशीला देईन."

थेंबीचे दात आणखी शिवशिवले. तिनं तोंडावर हात ठेवला. घट्ट! आणि पळाली. छुम-ठक, छुम-ठक. हमालदादा पाटी उलटी टाकून तिच्यावर बसला होता. थेंबी म्हणाली,

"चावऱ्यानं नेलं घुंगरू माझं,
छुम-ठक झालं चालणं माझं,
दाणेकाका देईनात,
आवळेमावशी देईना,
ग्लुटाआजोबा देईनात.
मला भीती वाटते.
दादा, आजोबांना घुंगरू दे ना!"

"पाटी रिकामी हाय की गं," हमालदादा म्हणाला. "घुंगरं असत्यात साखरेत. पोटोबा साखर धाडंल, तर मी आजोबांना दीन."

पोटोबा तर लांब! दाराबाहेर रक्ताची नदी. खळखळ खळखळ. नदीच्या पार वर, तिकडे पोटोबा. थेंबी दारात उभी राहिली. तिनं हाक मारली,

"चावऱ्यानं नेलं घुंगरू माझं,
छुम-ठक झालं चालणं माझं,
दाणेकाका देईनात,
आवळेमावशी देईना,
ग्लुटाआजोबा देईनात,
हमालदादा देईना.
मला भीती वाटते.
पोटोबा, दादाला साखर द्या ना!"

नदीनं हाक वर नेली. वरून आवाज आला, "रिकाम्या पोटी कुठली साखर? कस्तुरी घास खाईल, तर मी साखर देईन."

थेंबी ओरडली, "कस्तुरीऽऽ! घास खा!"

कस्तुरीला ऐकू गेलं का? छे! थेंबीचा आवाज केवढा, कस्तुरी केवढी!

बाहेर कस्तुरीचे बाबा ताटली घेऊन उभे होते. ताटलीत दुधात कुस्करलेली भाकरी.

"कस्तुरे, आलीस का न्हाई? ये, खाऊन घे."

"न्हाई! अजून एकच चक्कर!"

"मघाशीपण एकच म्हनलीस."

"आता खरंच एकच!"

आणि पळाली की कस्तुरी. आत शेगडीपुढे घे-दे-घे-दे-घे-दे! रांगेतलं आणखी एक घुंगरू डुगडुगलं. आता निसटतंय का? आता निसटतंय का? सगळ्या घरानं श्वास रोखला. निसटलं नाही. थोडक्यात वाचलं.

"ताईऽऽ!" थेंबू रडायला लागला. "माझे हात सुटतायत!"

थेंबी परत पळाली. छुम-ठक, छुम-ठक. थेंबूचा हात धरला. आता थेंबूचा पाय अगदी तिच्या तोंडाशी. छुम-छुम. थेंबीचं तोंड उघडलं. आपोआप उघडलं!

"ताई, तू अशी काय बघतेस?" थेंबू म्हणाला.

थेंबीनं तोंड मिटलं. डोळे मिटले. आणि ती मोठ्ठ्यानं रडली. "मला नाही चावायचंऽऽ! मला नाही चावायचंऽऽ!"

दाणेकाकांनी ऐकलं, तेही ओरडले. मावशी ओरडली. आजोबा ओरडले. हमालदादा ओरडला. सगळे मिळून ओरडले, "पोटोबाऽऽ!"

मग पोटोबाला राहवलं नाही. त्यानं पोट भरून आवाज काढला. नव्हतंच काही पोटात, म्हणून आवाज केवढा तरी मोठा आला. गुर्रर्र! गुडगुड! गुर्रर्र!

कस्तुरी थांबली. तिनं पोटावर हात ठेवला.

"बाबा, आत कोनतरी वरडलं."

"भूक वरडली गं. किती येळ हाका मारतीया बिचारी."

"तिला काय पायजे?"

"घास पायजे."

कस्तुरी बाबांच्या मांडीवर बसली. तिनं आऽऽ केलं. एक घास. दोन घास. तीन घास. गट्टम!

कस्तुरीनं घास खाल्ला.
पोटोबानं साखर धाडली.
साखर नदीतून आली. खळखळ खळखळ!
हमालदादानं पाटी भरली.
हमालदादानं दिलं आजोबांना. छुम!
आजोबांनी दिलं मावशीला. छुम!
मावशीनं दिलं काकांना. छुम!
काकांनी दिलं थेंबीला. छुम!
आणि लगेच हमालदादा दुसरी पाटी घेऊन आला. आजोबांना एक, मावशीला एक, काकांना एक. कुणाचंच ठक उरलं नाही.

थेंबीनं पाय आपटून पाहिला. छुम-छुम! पुन्हा आपटला. छुम-छुम! दात शिवशिवायचे थांबले. थेंबी आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली. थेंबूनं हात खाली केले. केवढे दुखत होते!

थेंबू म्हणाला, "ताई, माझं घुंगरू तर इथंच होतं. तू का नाही घेतलंस?"

थेंबी म्हणाली, "मग तुला भीती वाटली असती."

थेंबू ताईला अगदी चिकटून उभा राहिला.

घुंगरू बसलं पायात, गोष्ट बसली कानात!