काशीराम नाखव्याच्या रक्ताचा निकाल

खाडीच्या मुखाशी एक लहान गाव होते. तिथे काशीराम नावाचा नाखवा चाळीस वर्षे होडी चालवत होता. बाजार, दवाखाना, हायस्कूल सगळे पलीकडच्या काठावर. रस्त्याने जायचे तर दीड तास लागे, होडीने वीस मिनिटे. पाण्याखाली खडक कुठे आहे, ओहोटीला वाळू कुठे वर येते, हे काशीरामला पाठ होते. त्याच्या होडीतल्या माणसाचा कधी पायसुद्धा भिजला नव्हता.

एके वर्षी शहरातून डॉ. अनघा टिपणीस गावात आल्या. म्हातारपणी माणसाची स्मृती का जाते, याचा त्या अभ्यास करत होत्या. आपल्या पेशींत आरएनए नावाचे रेणू असतात. त्यांतले काही अगदी छोटे. कोणते प्रथिन किती बनवायचे आणि कुठे थांबायचे, यावर त्या छोट्या रेणूंचा ताबा असतो. मेंदूत त्यांचे प्रमाण बिघडले की स्मृती ढासळत असावी, आणि त्याची खूण रक्तातही सापडावी, असे अनघाबाईंना वाटत होते. त्यांच्या स्वतःच्या आईने शेवटची चार वर्षे त्यांना ओळखले नव्हते. म्हणून त्यांना या कामाची तळमळ होती, आणि घाईही होती.

गावातल्या साठ वयस्कर माणसांनी रक्त दिले. काशीरामनेही दिले.

नळ्या उन्हातून, खडबडीत रस्त्याने शहरात पोहोचल्या. प्रयोगशाळेत फैयाज मुजावर नावाचे जुने तंत्रज्ञ होते. त्यांनी नळ्या उजेडात धरून पाहिल्या.

"मॅडम, वरचं पाणी पिवळसर हवं, हे गुलाबी दिसतंय. वाटेत रक्तपेशी फुटल्यात. पेशींतले छोटे आरएनए त्यात उतरले असणार. आकडे उगाच वाढलेले येतील. पुन्हा रक्त घेऊ या."

परिषद दहा दिवसांवर होती. अनघाबाई म्हणाल्या, "थोडीशी लाली आहे, फैयाजभाई. एवढ्याने काय होतं?"

आकडे आले. वाढलेले आले. अनघाबाईंना हवे तसेच आले. परिषदेत त्यांचे कौतुक झाले.

आभार मानायला त्या पुन्हा गावात गेल्या. कुणालाही त्याचा स्वतंत्र निकाल सांगायचा नाही, असे आधीच ठरले होते. पण काशीरामने सरळ विचारले, "बाई, माझ्या रक्तात काय निघालं? माझ्या होडीत वीस-वीस माणसं असतात. मला कळायला हवं."

'अजून नक्की माहीत नाही' एवढेच सांगायचे होते. पण समोर सारा गाव बसला होता, आणि कौतुक अजून ताजे होते. त्या म्हणाल्या, "काका, खूण दिसते आहे. पुढे विसर पडायला लागेल. जपून राहा."

काशीराम घरी गेला. दुसऱ्या दिवशी त्याने होडी पुतण्याच्या, जनार्दनच्या हाती दिली. जनार्दन तिशीचा होता, अंगाने धडधाकट होता, पण त्याचा जन्म मोठ्या ट्रॉलरवर खोल समुद्रात गेलेला. खाडीची वाट त्याला नीट ठाऊक नव्हती.

घरात सगळे बदलले. काशीरामची बायको सुंदराबाई रोज सकाळी त्याला आज वार कोणता म्हणून विचारू लागली. चष्मा सापडला नाही की सून सासूकडे बघे. पूर्वीही तो चष्मा कुठेही ठेवत असे, पण तेव्हा कुणी त्याचा अर्थ लावत नसे. हळूहळू काशीराम स्वतःच स्वतःवर पहारा ठेवू लागला. एखादे नाव ओठावर यायला क्षणभर उशीर झाला, तरी तो ते मनाशी दोन-तीनदा म्हणून पाही.

चैत्रात एका सकाळी जनार्दन अंगणात आला. "काका, आज मोठी ओहोटी आहे. मधल्या खडकाच्या कुठल्या अंगानं काढू? दर्याकडून की गावाकडून?"

काशीरामच्या मनात उत्तर तत्काळ उमटले. दर्याकडून. मग तो थबकला. हे खरेच आठवते आहे, की आठवल्यासारखे वाटते आहे?

"मला विचारू नकोस," तो म्हणाला. "माझ्या डोक्याचा भरवसा राहिला नाही. दुसऱ्या कुणाला विचार."

जनार्दनने गावाकडून होडी घातली. ती खडकावर फुटली. अकरा माणसे वाचली. मासळी विकायला निघालेली येसूबाई मात्र हाती लागली नाही.

इकडे शहरात दुसरीच गोष्ट घडत होती. अनघाबाईंनी निबंध पाठवला होता, त्या नियतकालिकाने त्यांना आकडे पुन्हा तपासायला सांगितले होते. म्हणून फाल्गुनात फैयाजभाईंनी स्वतः गावात जाऊन नव्याने रक्त घेतले होते, आणि ते बर्फात जपून आणले होते. काशीरामला आधी काय सांगितले गेले होते, हे त्यांना ठाऊक नव्हते. त्याचे निकाल वैशाखात हाती आले. खूण कुठेच नव्हती. काशीरामचे रक्त तर अगदी साधे, निरोगी माणसाचे होते.

अनघाबाईंना शरम वाटली, पण एक आनंदही झाला. निदान त्या माणसाला चांगली बातमी देता येईल. त्या रस्त्याने गावात पोहोचल्या. होडी का बंद आहे, हे त्यांनी कुणाला विचारले नाही.

"काका, तुम्हाला काही झालेलं नाही! तेव्हाचा निकाल चुकला होता."

काशीराम म्हणाला, "बाई, त्या दिवशी जनूनं मला वाट विचारली होती. मला ती ठाऊक होती."

सुंदराबाईने पदर तोंडाला लावला. तिनेच मग बाईंना सगळे सांगितले.

अनघाबाई खाली बसल्या. "नळ्या खराब आहेत, हे मला सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "मी ऐकलं नाही."

"मग मी विचारलं तेव्हा, ठाऊक नाही, एवढं का नाही म्हणालात? धुकं असलं की आम्ही धक्क्यावर थांबलेल्या लोकांना सांगतो, वाट दिसत नाही, थांबा. त्यात आम्हाला कधी लाज वाटली नाही."

अनघाबाईंनी आपला निबंध मागे घेतला आणि चूक जाहीर केली. येसूबाईच्या घरीही त्या गेल्या. तिच्या मुलीने त्यांना पाणी दिले, आणि ती पुन्हा आपल्या कामाला लागली. त्या छोट्या रेणूंचा शोध अजून अर्धाच होता. पण त्या गावात पुन्हा कुणी रक्त द्यायला हात पुढे केला नाही. काशीरामची स्मृती शेवटपर्यंत शाबूत राहिली. येसूबाईची आठवणही त्यामुळे कधी पुसट झाली नाही.

तात्पर्य: जे अजून ठाऊक नाही, ते ठाऊक नाही असेच सांगावे. जाणत्याच्या शब्दावर विसंबून माणसे स्वतःवरचा विश्वास सोडतात. आणि चूक पुढे सुधारली, तरी मधल्या काळात जे गेले ते परत येत नाही.