मळजाईच्या कर्ण्याचे टोपडे

गेनुबाने तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा तो पाच-सहा वर्षांचा असेल. चैत्रातली दुपार होती. घरात कोणी बोलत नव्हते आणि कुठून तरी मंद गुणगुण येत होती. घरात मधमाश्या शिरल्या असे वाटून तो गोधडीत तोंड खुपसून बसला. बऱ्याच वेळाने त्याने एक डोळा बाहेर काढला. माश्या कुठेच नव्हत्या. उंबऱ्याशी त्याची आई शिवत बसली होती. तिचे ओठ मिटलेले होते आणि तो आवाज तिच्या गळ्यातून येत होता.

आता गेनुबानेच ऐंशी ओलांडली आहे. निगडवण्याच्या मळजाईच्या देवळात, जत्रेच्या सकाळी, तो पायरीवर शिवत बसतो. शेजारी देवीचा पितळी कर्णा भिंतीला टेकवलेला असतो. पुरुषभर लांब, आणि तोंड परातीएवढे. त्या तोंडाला घालायचे कापडी टोपडे गेनुबाच्या मांडीवर असते. त्याच्या कडेने लाल मखमल, मखमलीवर जरीची वेल, वेलीत आरशाच्या टिकल्या आणि खाली सात गोंडे. मधोमध मात्र नक्षी नाही. तिथे एक पिवळट, जुने, विरविरीत फडके आहे. त्याला मेणाचा वास येतो.

नवी पाहुणी मंडळी ते पाहून हटकून विचारतात. एवढी मखमल लावली, मग मधे हे फडके कशाला? गेनुबा सुई थांबवत नाही. सावकाश बोलतो. वाक्य संपले की एक टाका घालतो, मग पुढचे वाक्य.

फार पूर्वीची गोष्ट म्हणे. मळजाई वर्षातून एकदा, चैत्रात, खिंडीपलीकडे, नदीवर आपल्या बहिणीला भेटायला जाते. पालखीपुढे कर्णा चालतो. देवी त्या आवाजाच्या मागून जाते, असा समज. आवाज तुटला की पालखी तिथेच टेकवायची आणि माघारी आणायची. मग त्या वर्षी बहिणींची भेट नाही. म्हणून देवळापासून नदीपर्यंत कर्णा थांबू द्यायचा नाही, असा नेम होता.

खिंडीत दोन्ही बाजूंना उभे कडे आहेत आणि कड्यांना आग्या माश्यांची पोळी. एकेक पोळे सुपापेक्षा मोठे. कितीतरी वर्षे माश्यांनी कर्णा ऐकून घेतला. एका वर्षी नाही घेतला. सटवाजी नावाचा कर्णेकरी पुढे होता. त्याने खिंडीत कर्णा फुंकला आणि कडा काळा होऊन खाली आला, असे सांगतात. बाकीचे घोंगड्यांखाली लपले. सटवाजीने आवाज तुटू नये म्हणून कर्णा सोडला नाही. तो तिथेच गेला.

कर्ण्याची सेवा त्यांच्या घराकडे होती. पुढच्या वर्षी ती सटवाजीच्या धाकट्या भावावर, हैबतीवर आली. हैबतीने देवीपुढे विडा उचलला आणि घरी येऊन बायकोला सांगितले. तिचे नाव भिवरा. तिने ऐकून घेतले आणि चुलीतले लाकूड मागे ओढले. त्या दिवशी त्या घरात कोणी जेवले नाही म्हणे.

भिवरा गोधड्या शिवायची, आणि गावातल्या प्रत्येक बाळंतिणीच्या पोराला टोपडे तिच्याच हातचे लागायचे. पोर रडायला लागले की ती त्याच्या कानांवरून टोपडे नीट बसवायची आणि पोर शांत व्हायचे. तिच्या मनात आले, कर्ण्यालाही एक टोपडे शिवावे. आवाज थांबायचा नाही, नुसता मऊ होईल.

बायकांनी तिला पाणवठ्यावर गाठले. एक म्हणाली, "कर्ण्याला टोपडं झालं, आता वाळे कधी करतेस?" दुसरी म्हणाली, "बारशाला बोलाव गं." भिवरा त्यांच्याबरोबर हसली, असे सांगतात. पण ती घागर अर्धी भरूनच परतली.

पहिले टोपडे तिने गोधडीसारखे तीन पदरी शिवले. जो हात ऊब देण्याला सरावला होता, त्याची ही चूक. हैबतीने ओढ्यात जाऊन कर्णा फुंकला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत फुंकला. आवाज आलाच नाही. मग तिने लुगड्याचा एकच पदर ताणून बसवला, तर कर्णा फाटक्या सुपासारखा फडफडला. चैत्र जवळ येत होता. ती शिवायची आणि उसवायची.

एक दिवस बुधी ठाकरीण दारात आली. ती डोंगरातला मध आणायची. तिला नातवाला टोपडे हवे होते, बदल्यात मध. ती मध फडक्यातून गाळू लागली. धार बारीक, सारखी, न तुटता पडत होती. भिवरा त्या धारेकडे बघत राहिली. मग तिने ते फडके मागितले.

बुधी म्हणाली, "जुनं हाय गं. मेण खाऊन खाऊन पिवळं पडलंय. हेच तोंडाला बांधून मी कड्यावर चढते. माश्यांना याचा वास घरचा वाटतो."

भिवराने ते फडके मधोमध बसवले. पण देवीच्या कर्ण्याला नुसते फडके कसे लावायचे? म्हणून तिने आपल्या चोळ्यांचे खण उसवून कडेने लावले, टिकल्या लावल्या, उरलेल्या लोकरीचे गोंडे केले. ओढ्यात हैबतीने कर्णा फुंकला. खूप लांबून, झोपेतून यावा तसा आवाज आला. पण तो तुटला नाही.

जत्रेच्या सकाळी देवळात गावकी बसली. जाणत्या मंडळींना ते रुचेना. गावातला सगळ्यात म्हातारा माणूस, राणोजी, म्हणाला, "देवीच्या वाद्याचं तोंड बांधायचं म्हणजे देवीचंच तोंड बांधणं. हे पाप कुणाच्या माथी?"

हैबतीने मान खाली घातली. तेव्हा खांबाआडून भिवरा पुढे आली.

"माझ्या माथी," ती म्हणाली.

मग ती एकटीच गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत गेली. तिथे जे बोलली ते फक्त बुधीने ऐकले. ती दारात मधाचे मडके घेऊन उभी होती. भिवरा म्हणाली, "आई, तुझ्या वाद्याचं तोंड मी बांधते. त्याबदली माझं बांधून घे. माझ्या माणसाला खिंडीपलीकडं पोचव."

ती बाहेर आली, कर्ण्याला टोपडे बांधले, दोरीची गाठ दातांनी आवळली. टोपड्याच्या वजनाने कर्णा पुढून लवत होता. पुढचे टोक धरायला कोणी पुरुष पुढे येईना. भिवराने ते आपल्या खांद्यावर घेतले.

खिंडीत शिरताना लोकांनी घोंगड्या डोक्यावरून ओढून घेतल्या. हैबती फुंकत होता आणि कर्ण्यातून गुणगुण निघत होती. कड्यातून तसाच आवाज येत होता. पुढे पुढे तर कर्णा कोणता आणि माश्या कोणत्या हे कळेनासे झाले म्हणे. पोळ्यांवर एक लाट खालून वर गेली आणि विरली. पुन्हा उठली, पुन्हा विरली. एक माशी उतरली, भिवराच्या गालाजवळून टोपड्यावर बसली. पिवळ्या फडक्यावरून या कडेपासून त्या कडेपर्यंत चालत गेली आणि उडाली. पालखीच्या भोयांना आपले पाय जमिनीला लागत आहेत असे वाटेना. खिंड कधी संपली ते कोणाला कळले नाही. समोर एकदम नदी दिसली.

हैबतीने टोपडे काढून मोकळा कर्णा फुंकला. नदीपलीकडचे डोंगर घुमले. मग तो धावत भिवराकडे आला.

"भिवरे, ऐकलंस का?" तो म्हणाला. "तुटला नाही गं आवाज."

भिवराचे ओठ हलले. मग मिटले. तिने त्याच्या हातातून टोपडे घेतले, त्याची घडी केली आणि ती घराच्या वाटेला लागली. त्याने दोनदा हाक मारली. तिने मागे पाहिले नाही. आपल्यावर रागावली असे त्याला वाटले. तेव्हा बुधीने त्याला बाजूला घेऊन सगळे सांगितले. म्हणाली, "तिच्याकडं उत्तर मागू नको बाबा. देऊन टाकलंय तिनं." हैबती नदीच्या वाळूत खाली बसला.

त्यानंतर भिवरा शेवटपर्यंत बोलली नाही. हैबती रोज संध्याकाळी तिच्याजवळ बसून दोघांच्या वाटचे बोलायचा. रानातले, गुरांचे, कोणाच्या घरी काय झाले ते. ती मिटल्या ओठांनी हुंकार द्यायची. एक हुंकार म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. लेक झाली, तिला तिने तशीच गुणगुणून निजवले. त्या लेकीने आपल्या लेकीला. असे होत होत ते गेनुबाच्या आईपर्यंत आले.

मखमल पुढे आली, जरी आली. आरशाच्या टिकल्या शहरातून येतात. फडके मात्र मध गाळून गाळून पिवळे झालेलेच लागते, आणि ते बुधीच्या घरातली माणसे आणून देतात. खिंडीपलीकडच्या लग्नाला जाणारे बँडवालेही गेनुबाकडून आपल्या मोठ्या पितळी भोंग्यांना टोपडी शिवून नेतात. कोणी त्यांवर बँडचे नाव मागतो, कोणी मोर मागतो. गेनुबा सगळे काढून देतो आणि मधे फडके लावतो.

आजही चैत्रात पोळी कड्याला लटकलेली असतात. आजही कर्णा खिंडीतून टोपडे घालून जातो आणि नदीवर मोकळा होतो. आणि ज्याने टोपडे शिवले त्याने ते बांधल्यापासून पालखी नदीवर पोचेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, हा नेम आजही आहे.

यंदा एवढे सांगून गेनुबाने शेवटचा गोंडा लावला आणि दोरा तोडला. पाहुण्यांतल्या एका बाईला राहवले नाही. तिने विचारले, "बाबा, पण भिवराला कधीच वाटलं नसेल का, एकदा तरी हैबतीला हाक मारावी?"

गेनुबाने तिच्याकडे पाहिले. त्याचे डोळे ओले होते. त्याने टोपडे कर्ण्याच्या तोंडावर चढवले, मखमल सारखी केली, गाठ आवळली. मग कर्णेकऱ्याने कर्णा उचलला तसे त्याचे पुढचे टोक खांद्यावर घेतले आणि काही न बोलता तो खिंडीकडे चालू लागला.