जित्या नावांची राई

हुंबरवाडीच्या खाली, डोंगर उतरता उतरता जिथं जरा दम खातो, तिथं ही राई आहे. वहाणा हातात घ्या पाहुणे. पायात ठेवल्यात तर चिखल त्या ठेवून घेतो. मागं एक मास्तर बूट घालूनच आत गेले होते. मास्तर परत आले, बूट नाही आले.

आता खाली बघा. चिखलातून वर आलेत ते गुडघे नव्हेत, रानजायफळाची मुळं आहेत. हात लावून बघा हवं तर. पण पाय मागं घेतलातच ना? सगळेच घेतात. तहसीलदारांनी तर उडी मारली होती.

मधल्या जुन्या झाडाच्या बुंध्यावर आडवा घाव दिसतोय, मिटलेल्या ओठांसारखा? त्या झाडाला वाडीत पोशी म्हणतात. पोशी ही आधी बाई होती, ठाकरांची. झाड नंतर झाली. असं सांगतात बुवा.

फार मागची गोष्ट. तेव्हा वाडीत रीत अशी होती, की माणूस मेलं की त्याचं नाव राईतल्या एका झाडाला सांगायचं. बुंध्याला तोंड लावून, हळूच. मग ते माणूस त्या झाडात राहायला जायचं. राईत कोयता न्यायचा नाही, वाळकी काटकीसुद्धा हातानं मोडायची. कारण कोण कुठं राहतंय, काय सांगावं? आणि एक गोष्ट अशी, की ती चेष्टेतसुद्धा करायची नाही. जित्या माणसाचं नाव झाडाला द्यायचं नाही. दिलं की झाड आणि माणूस एक झाले. मग घाव याला बसला तरी कळ त्याला येणार.

राईची राखण पोशीकडे होती. नवरा गेल्यावर वाडीचा कारभारही तिच्याकडेच आला. बाप्यांना ते रुचलं नव्हतं. पण मध कधी काढायचा, झऱ्याला कुठं मोकळं करायचं, हे तिलाच कळायचं. तेव्हा मिशांना पीळ देऊन गप्प बसले. मिशा त्यासाठीच असतात. शिवाय बाई मोठी चेष्टेखोर. एकदा मेल्याचं सोंग घेऊन धाकट्या भावाला, धाकूला, अर्धा दिवस रडवलं होतं म्हणे.

मग गडावरचा हवालदार आला. त्याला गडाच्या दरवाजाला आणि सदरेच्या तुळयांना लाकूड हवं होतं. बरोबर वरच्या देशावरचे लाकूडतोडे. राई बघून तो म्हणाला, "उद्यापासून सगळी साफ करा."

पोशीनं पाया पडून सांगितलं, "हवालदार, हितनंच आमचं पाणी निघतं. आमची मेलेली माणसं हितं राहतात. राई गेली की वाडी उठली."

"मेलेल्यांना सांग, बिऱ्हाड हलवा," हवालदार म्हणाला आणि आपल्याच विनोदावर हसला. असे लोक असतात.

पोशी घरी आली ती थरथरत. रागानं नव्हे, भीतीनं. तिला जे सुचलं होतं त्याचीच तिला भीती वाटत होती.

सकाळी ती लाकूडतोड्यांसाठी आंबील घेऊन गेली. गोड बोलून एकेकाला विचारत गेली, "नाव काय रं बाबा तुझं? आई हाय का घरी?" बिचाऱ्यांनी सांगितलं. आंबील पिताना कोण खोटं बोलतो? मग पोशी उठली, पुढच्या ऐनाला तोंड लावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तू निंबा." पलीकडच्या किंजळाला म्हणाली, "तू कुशाबा." अशी ती झाडाझाडाला नावं देत चालली. मागून धाकूनं तिचा पदर ओढला.

"आक्का, हे पाप हाय गं! जिती नावं हायत ती!"

"ठावं हाय मला," पोशी म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "सोड पदर."

झाडाला आपलं नाव लागलं म्हणजे काय होतं, ते वाडीच्या माणसांनी लाकूडतोड्यांना सांगितलं. निंबानं कुऱ्हाड खाली ठेवली. कुशाबा म्हणाला, "मालक, माझं पोट दुखतंय." मग सगळ्यांचंच दुखायला लागलं.

हवालदार चिडला. पण तो मूर्ख नव्हता. "असं करू," तो म्हणाला. "माझ्या माणसांची नावं राहू देत बाजूला. तू तुझं नाव दे एका झाडाला. मी घाव घालतो. तुला काही झालं, तर राई सोडून जातो. नाही झालं, तर उद्या इथं फक्त खुंट दिसतील."

राईत पानसुद्धा हललं नाही. पोशीला वाटलं, सगळी झाडं आता तिच्याकडेच बघतायत. नवराही.

ती धाकूच्या कानाशी लागली. "ते मधलं जायफळ घेते. त्याला घाव बसला की रगतावानी लाल चीक येतो, या लोकांना ठावं न्हाई. मी वरडून पडते. तुम्ही ऊर बडवा. पळत्याल बघ."

"आणि खरंच काय झालं तर?"

पोशी पुढं झाली. जायफळाच्या बुंध्याला तोंड लावलं. आजवर मेलेल्यांची नावं सांगताना तिचा आवाज कधी कापला नव्हता. स्वतःचं सांगताना कापला. बुंधा उबदार लागला तिला, कुणी नुकतंच तिथून उठून गेल्यासारखा.

हवालदारानं कुऱ्हाड उचलली. एकच घाव घातला. साल फाटली, आणि क्षणभर काहीच झालं नाही. मग त्या फटीतून लाल थेंब फुटला, त्याच्यामागं दुसरा, आणि धार लागली. पोशी किंचाळली आणि मुळांच्या गुडघ्यांवर आडवी झाली. वाडीनं हंबरडा फोडला. हवालदारानं आपल्या हाताकडं पाहिलं. हातावर लाल शिंतोडे होते. तो ते धोतराला पुसत पळाला, आणि त्याच्या पुढं त्याची माणसं पळाली. कुऱ्हाड चिखलात तशीच राहिली.

ते दिसेनासे झाले तेव्हा वाडीनं रडं थांबवलं. धाकूला हसू आवरेना. "ऊठ आक्का, गेले!" पोशी उठली नाही. "बास झालं गं सोंग. मागल्या खेपेला फसलो, आता न्हाई फसायचा." त्यानं तिच्या तळपायाला गुदगुल्या केल्या. तळपाय गार होते. अंगावर ओरखडाही नव्हता.

मग वाडी पुन्हा रडली. ह्या वेळी आवाज निराळा होता म्हणतात.

भीतीनं गेली का घावानं, यावर बाप्यांचा अजून वाद चालतो. पण त्याच दिवशी धाकू उठला आणि एका झाडाला स्वतःचं नाव सांगितलं. दातखीळ बसायची वेळ आली होती, तरी सांगितलं. "आक्का एकटी नगं राहायला," एवढंच म्हणाला. मग त्याच्या बायकोनं आपलं सांगितलं. मग एकेक करत सगळ्या वाडीनं आपापलं नाव झाडाला दिलं. गडावरून पुन्हा कोणी आलं नाही. आलंच असतं, तर झाड तोडायला आधी माणूस तोडावं लागलं असतं.

आजही हुंबरवाडीत नवी सून आली की चुलीपाशी जाण्याआधी राईत जाते आणि एका झाडाला आपलं नाव सांगते. कुठल्या झाडाला, ते सासूला सांगत नाहीत. हसू नका, त्याला कारणं आहेत. राखणीचा मान बाईकडेच असतो. आणि आजही, पावसाळ्यात वाऱ्यावादळात राईतून झाड कोसळल्याचा आवाज आला, तर कोणतं झाड पडलं हे कोणीही बघायला जात नाही. सगळी माणसं अंगणात येतात आणि घराघराला हाका मारायला लागतात. सगळ्यांची ओ आली की मगच चुली पेटतात.