तरंगलेल्या बिया

“मग या वर तरंगणाऱ्या बिया फेकून देऊ ना, माय?”

दिगांबरने विचारलं खरं, पण हातातली वाटी आधीच तिरकी झाली होती.

येसूमाय ओट्यावर तांदूळ पाखडत होती. टेकडीवरच्या या मठात ती चाळीस वर्षं राहत होती. शिष्य पुष्कळ आले, पळाले. हा टिकला. टिकला, कारण त्याला भोपळा हवा होता.

आढ्याला टांगलेला वाळका भोपळा. त्यात बियाण्यासाठी राखलेल्या मठाच्या वाळक्या मिरच्या. भोपळा ज्याच्या हाती, मठ त्याच्या हाती. यंदा त्यात बुरशी शिरली. एकच मिरची धड निघाली. तिच्या बिया रुजल्या नाहीत, तर ते वाण कायमचं गेलं.

“तरंगते ते फेकाचं, हे कोनं सांगतलं तुले?”

“पुस्तकात आहे. जड ते जिवंत, हलकं ते मेलेलं.”

“तुले पोहता येते काय?”

“येतं की! नदीकाठचा आहे मी.”

“मंग पाण्यावर तरंगतं, तवा मेलेला असतं काय?”

दिगांबर हसला. म्हातारं माणूस बोलतं काहीतरी, असं ते हसणं. त्याने वरचं पाणी तरंगत्या बियांसकट न्हाणीमागे ओतून दिलं.

तळाला नऊ बिया उरल्या.

माय पुन्हा तांदूळ पाखडू लागली.

नऊ बिया ओल्या फडक्यात गेल्या, फडकं डब्यात, डबा चुलीमागच्या उबेला. सकाळी उघडून पाणी, संध्याकाळी उघडून पाणी, मधेच आठवण झाली की आणखी थोडं. शिकलेला माणूस. हात गप्प कसे बसणार?

“आंघोळ केली काय रे?” मायने दुसऱ्या दिवशी विचारलं.

“नंतर करतो.”

“आत्ता कर. पानी कोमट घे. अन् साबन नको लावू.”

तिसऱ्या दिवशी तेच. सातव्या दिवशीही तेच.

“माय, मी इथे वाण वाचवतोय आणि तुम्हाला माझी आंघोळ सुचते!”

“वास येते तुह्या अंगाचा.”

चडफडत उठायचा, दोन तांबे ओतून घ्यायचा, ओल्या अंगानेच डब्याकडे पळायचा.

बाराव्या दिवशी डबा उघडला आणि त्याने नाक धरलं. नऊच्या नऊ काळ्या. बोट लावलं की चिखल.

तो चुलीपाशीच बसला. रडला. लपवलंही नाही.

“वाण गेलं, माय. माझ्या हातून गेलं.”

मायने आढ्याचा भोपळा उतरवला, काखेत धरला. दुसऱ्या हाताने त्याचा कान धरला आणि त्याला न्हाणीमागे नेलं. भिंतीच्या भोकातून आंघोळीचं पाणी बाहेर पडतं, तिथल्या ओल्या मातीत हिरवे कोंब उठले होते. माना अजून वाकलेल्या. काहींच्या डोक्यावर बीचं टरफल तसंच, टोपीसारखं.

दिगांबर गुडघ्यांवर बसला.

एकही पुस्तक आठवलं नाही.

“यांना पाणी कोणी घातलं, माय?”

मायने भोपळा त्याच्या मांडीवर ठेवला.

“आज आंघोळ केली काय रे?”