महाळुंगाने कळ्या गाळल्या

पूर्वी क्षेमवती नगरात पृथुसेन राजा गादीवर असताना बोधिसत्त्व राजाच्या बागेतल्या एका जुन्या महाळुंगावर वृक्षदेवता होऊन राहत होता. महाळुंग म्हणजे लिंबाचा थोरला भाऊ. फळ ओबडधोबड, पण झाड फुलले की अख्ख्या बागेला वास. कुंपणात मधमाश्यांची पोळी होती आणि वसंतात त्यांची सगळी भिस्त या एका झाडावर.

नगराची चाल अशी, की महाळुंगाचे पहिले फूल राजाने पागोट्यात खोवायचे, मगच उत्सवाचा नगारा वाजायचा.

एका वर्षी पालवीवर नागअळी पडली. ती पानात शिरून पांढऱ्या वाकड्यातिकड्या रेघा ओढते. पान वळते, एवढेच. जुने झाड असल्या अळीला भीक घालत नाही. पण उद्यानपाल चंडक घाबरला. राजाने रेघा पाहिल्या तर आपली चाकरी गेली, असे धरून तो विषवैद्याकडे धावला.

वैद्याने मडके पुढे केले. "हे शिंपडायचे नाही. बुडाशी आळ्यात ओतायचे. मुळे पितील, रसातून शेंड्यापर्यंत चढेल. अळीने पानाला तोंड लावले की खलास."

"आणि फूल, वैद्यबुवा?"

"फुलाला नागअळी लागते का? मग फुलाची चौकशी तुला कशाला?"

चंडकाला पटले. सोयीचे असले की माणसाला पटतेच. वर, थोड्याने भागते तर जास्तीने झकास होईल म्हणून त्याने मडके पालथे केले.

आळ्यातली गांडुळे वर येऊन मेली. नवी पालवी मात्र कोरी करकरीत निघाली. राजाने खूश होऊन चंडकाच्या हातात कडे घातले.

मग खालच्या फांदीवर एक कळी उमलली. एक माशी आली, मध प्याली आणि खाली पडली. पोळे समोर दिसत होते, पण ती जमिनीवर गोलगोल फिरत राहिली. संध्याकाळी तिला मुंग्यांनी नेले.

बोधिसत्त्वाने ते पाहिले. त्याच्या मनात आले, 'विष मी मागितले नव्हते. पण माझ्या फुलातून गेले, तर ते माझ्याच हातचे.' त्याने सगळ्या कळ्या गाळायला घेतल्या. सकाळी बुडाशी जांभळट कळ्यांचा सडा.

राजा कुऱ्हाडवाले घेऊन आला; मागोमाग विषवैद्य आणि बघे लोकही आले. "तुला खत कोणी घातले? पाणी कोणी पाजले? आणि ऐन उत्सवात माझे नाक कापतोस?"

देवता खोडातून प्रकट झाली. "खतपाण्याबद्दल आजवर फळे दिली, राजा. विषाबद्दल काय देऊ, ते तूच सांग."

"फुलतोस की तोडू?"

"तोड. तुटेन, पण फुलणार नाही."

राजाने एक मोठी फांदी उतरवली. ती खाली आली तेव्हा तिच्यावर एकही कळी नव्हती.

"शेंड्याला एक ठेवली आहे," देवता ती फांदी खाली वाकवत म्हणाली. "तिच्यातला मध चाटून दाखव. या घडीला सगळा फुलतो."

राजाचा हात पुढे गेला आणि मागे आला. त्याने वळून पाहिले. "वैद्या, तू चाट."

"महाराज, माझा आज उपास आहे."

लोक हसले. राजा हसला नाही. त्याला सगळे कळले होते, पण चारचौघांत कळलेले राजाला सोसत नाही. "तोडू नका," तो म्हणाला. "पण वांझोट्या झाडाला माझ्या बागेत थेंबभर पाणी मिळणार नाही." आणि तो निघून गेला.

त्या वर्षी नगारा वाजला नाही. लोक जाता-येता 'वांझोटे महाळुंग' म्हणत. बोधिसत्त्व ऐकून घेई आणि दर वसंतात कळ्या गाळी. चंडकाने कडे परत केले. घरच्या विहिरीचे पाणी खांद्यावरून आणून तो झाडाला घालू लागला.

"राजाला कळले म्हणजे?" बायकोने विचारले.

"कळू दे," चंडक म्हणाला.

असे कितीतरी वसंत गेले. मग एकदा पालवीवर त्याच वाकड्यातिकड्या रेघा उमटल्या. अळी पान खाऊन जगली, मोठी झाली. बोधिसत्त्वाने ओळखले, रस निवळला. त्या वर्षी त्याने एकही कळी गाळली नाही. माशी आली, मध प्याली आणि सरळ पोळ्याकडे गेली.

वास राजवाड्यापर्यंत पोचला. राजा एकटाच आला. रेघांनी भरलेली पाने त्याने पाहिली. फूल तोडून त्याने आधी ते स्वतः चाटले, मग पागोट्यात खोवले. मग नगारा वाजला.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, विहाराच्या अंगणात सांगितली, कारण नंदिक नावाचा गृहस्थ मोगऱ्याच्या बुडाशी औषध ओतू का, असे विचारायला मडके घेऊन आला होता. शेवटी शास्त्यांनी जन्मांची ओळख पटवली: "त्या वेळचा चंडक हा नंदिकच. या खेपेला ओतण्याआधी विचारतो आहे, एवढी सुधारणा. राजा म्हणजे याच्याशेजारी बसलेला याचा सासरा, ज्याला सगळ्या आळीत आपलीच फुले मोठी हवीत. विषवैद्य म्हणजे हे मडके विकणारा; तो आज आलेलाच नाही. दारोदार फिरून मिळेल ते विश्वासाने खाणाऱ्या माश्या म्हणजे, भिक्षूंनो, तुम्ही. आणि झाडावरची देवता मी होतो."

नंदिकाने मडके पाठीमागे सरकवले.

या गुणाला अधिष्ठान पारमिता म्हणतात. म्हणजे एकदा नाही म्हटले की नाही, मग वर कुऱ्हाड असो नाहीतर राजा.